पळत्या खोलीतली दुपार

मिरजेत आता दवाखान्यात कुणी मुक्काम करत नसे. सकाळी रांगा लागत, दुपारी जिने गजबजत आणि दिवेलागणीला वॉचमन शेवटच्या नातेवाइकाला "चला मावशी, चपला घ्या तुमच्या" म्हणत बाहेर काढी आणि फाटक ओढून घेई. कुणाचा गुडघा बदललेला असो की आतडं शिवलेलं असो, सकाळी आलेला माणूस संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जाई. जुन्या मोठ्या दवाखान्यांचे वरचे मजले रिकामे पडले होते. काहींची वसतिगृहं झाली, काहींची गोदामं. व्हरांड्यात सतरंज्या अंथरणारी, एकाच थर्मासमधला चहा चौघांत वाटून घेणारी, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या भाचीला स्थळ सुचवणारी ती सगळी माणसं कुठं गेली कोण जाणे.

सुमेधा चौगुलेला मात्र ती माणसं आठवत. ती तीन वर्षांची असताना तिच्या आईचं अपेंडिक्स फुटलं होतं आणि आई तीन आठवडे दवाखान्यात होती. तीन वर्षांच्या मुलीला आठवेल तेवढंच आठवत होतं, पण तेवढं लख्ख होतं. बाबांच्या स्कूटरवर पुढं उभं राहून जायचं. हातात डब्याची पिशवी, तिच्या तळाला गरम गरम लागायचं. लांबलचक वॉर्ड, फिनेलचा वास, आणि शेवटून तिसऱ्या खाटेवर दोन वेण्या घातलेली आई. आईला दोन वेण्या तिनं त्याआधी कधी बघितल्या नव्हत्या. शेजारच्या खाटेवर जयसिंगपूरच्या एक आजी होत्या, त्या उशीखालून चिरमुऱ्याची पुडी काढून द्यायच्या. सुमेधा खाटेच्या पायाशी बसून चिरमुरे खायची आणि मोठी माणसं बोलत राहायची, खूप वेळ, जणू कुणालाच कुठं जायचं नाही. आयुष्यातल्या सुखाच्या जागा कुणी विचारल्या असत्या तर तिनं हीही सांगितली असती.

दवाखान्यातले मुक्काम बंद झाले त्या सुरुवातीच्या काळात दवाखान्यांना एका गोष्टीनं जेरीला आणलं होतं. सकाळी येऊन संध्याकाळी जायचं म्हणून ठरवून शस्त्रक्रियेला आलेली माणसं जात नसत. त्यांना 'एकदिवशी' म्हणत. पण कुणाचं ब्लडप्रेशर ठिकाणावर येत नसे, कुणाची जखम पाझरत राही, कुणाला घरी न्यायला माणूसच नसे. एका दिवसाचा एकदिवशी आठवडाभर खाट अडवून बसे आणि दुसऱ्या दिवशीच्या एकदिवशाला खाट मिळत नसे. यावर तोडगा निघाला तो पळत्या खोलीचा. कागदोपत्री नाव 'शीघ्रकाल कक्ष', पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. ज्याचा मुक्काम लांबणार त्याला या खोलीत ठेवायचं. आत त्याचे कितीही दिवस जावोत, बाहेर त्याच दिवशीची संध्याकाळ.

सुमेधाही एकदिवशीच होती. तीर्थाच्या बाळंतपणानंतर पोटात कळा यायला लागल्या, पित्ताशयात खडे निघाले. बाळंतिणींना हे होतं म्हणाले, काढून टाकू, सकाळी या, संध्याकाळी जा. तीर्था तेव्हा पाच महिन्यांची होती. अंगावरच्या दुधाशिवाय तिला काही ठाऊक नव्हतं. सुमेधानं दोन दिवस दूध काढून साठवून ठेवलं होतं, आणि ते पाजायला आईनं माळ्यावरून चांदीचं बोंडलं काढून घासून लख्ख केलं होतं. सुमेधाचा नवरा अभिनंदन तिघींना गाडीनं सोडून तासगावला कोल्ड स्टोरेजवर गेला. द्राक्षांचा हंगाम होता.

ऑपरेशन सकाळच्या पहिल्या पाळीत झालं. दहाच्या सुमाराला सुमेधा पुरती शुद्धीवर आली तेव्हा खाटेशेजारी आई होती, आईच्या खांद्यावर तीर्था पेंगत होती, आणि समोर डॉ. आवटी उभे होते. आवटी पळत्या खोल्यांचे प्रमुख. मूळचे भौतिकशास्त्राचे. मला इंजेक्शन द्यायला सांगू नका, मलाच घाम फुटेल, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

"पित्त झिरपतंय," ते म्हणाले. "सर्जन म्हणतात घाबरण्यासारखं नाही. नळी घातलीय, जागा आपोआप भरून येईल. पण त्याला दिवस लागतात. तीन आठवडे, कदाचित चार."

"चार आठवडे?" आई म्हणाली. "आणि हे लेकरू?"

"आत ठेवलं तर संध्याकाळी पाचला बाहेर."

"तुमचं ते पळतं प्रकरण मला काही कळत नाही डॉक्टर. एकदा नीट सांगा बघू. मी शिकलेली आहे, पण विज्ञानात काठावर सुटायची."

आवटी हसले आणि स्टूल ओढून बसले. असं विचारणारं माणूस त्यांना आवडत असावं. "दंडोबाच्या डोंगरावर गेलाय कधी?"

"श्रावणात जातो की."

"तिथलं घड्याळ आणि इथलं घड्याळ बरोबर जुळवून ठेवलं, तर डोंगरावरचं किंचित पुढं जातं. चावीचा दोष नाही, तिथला काळच जरा भरभर चालतो. पृथ्वीची ओढ जिथं कमी तिथं काळ मोकळा धावतो. फरक इतका बारीक, की जन्मभर तिथं राहिलात तरी पापणी लवायलाही तो पुरायचा नाही. आम्ही त्या खोलीत काळापुरता एक उंचच उंच डोंगर उभा करतो. खोली इथंच, तळमजल्याच्या वर. पण तिच्यातल्या काळाला वाटतं आपण शिखरावर आहोत. बाहेर एक मिनिट होतं तेवढ्यात आत दीड तास होतो. बाहेरचा एक तास म्हणजे आतले जवळपास चार दिवस."

"आणि आतलं माणूस? तेपण पळतं?"

"त्याला पळाल्यासारखं काही वाटत नाही. ते आपलं जेवतं, झोपतं, कंटाळतं. जखम आपल्या गतीनंच भरते. फक्त बाहेर दुपारसुद्धा कललेली नसते."

आईनं तीर्थाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "म्हणजे माझ्या पोरीचे चार आठवडे जायचे ते जाणारच."

"जाणारच. ते वाचवता येत नाहीत. कुणाच्या वाट्याला द्यायचे एवढंच ठरवता येतं."

दुसरी वाटही होती. तळमजल्याला सहा खाटांचा एक साधा वॉर्ड अजून ठेवला होता, ज्यांना पळती खोली मानवत नाही त्यांच्यासाठी. तिथं सुमेधा नेहमीच्या काळात राहिली असती. पण तान्ह्या बाळाला आत आणायची परवानगी नव्हती. आठवड्यातून एकदा मागच्या अंगणात, लांबून भेट.

सुमेधानं आईकडं बघितलं. "तू सांग."

"मी काय सांगू? मी तीन आठवड्यांनी घरी आले तर तू बाबांच्या पायामागं लपलीस. कोण आलंय बघ म्हणून पुढं ओढलं तर बोंब ठोकलीस. पुढं महिनाभर माझ्या हातून घास घेतला नाहीस."

"मला ते आठवतच नाही. मला ते चिरमुरे आठवतात."

"तुला चिरमुरे आठवणार, बाई. मला तुझी पाठ आठवते." आईनं तीर्थाचं झबलं नीट केलं. "तू तर तीन वर्षांची होतीस. हे एवढंसं. चार आठवडे म्हणजे हिच्या जन्माचा पाचवा हिस्सा. पार विसरून जाईल तुला."

ते ऐकून सुमेधाचं ठरलंच. आईपण म्हणजे काय असतं हे तिला पाच महिन्यांत जेवढं कळलं होतं त्यात हे बसत होतं, की दोघींपैकी एकीनंच सोसायचं असेल तर ते आपण सोसायचं. तीर्थाची एक रात्रसुद्धा आईविना जाणार नव्हती. संध्याकाळी पाचला आपण तिला उचलून घेऊ. तिला कळणारही नाही.

"मी पण आत येते सोबतीला," आई म्हणाली. "पेशंटला एकटं ठेवायची रीत नाही आपल्यात."

"मग बाळ कोण बघणार?" आवटी म्हणाले.

जाण्यापूर्वी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. आतून लाल दांडी ओढली की दार कधीही उघडता येतं, पण एकदा उघडलं की काळाचा डोंगर कोसळतो आणि त्याच दिवशी पुन्हा उभा करता येत नाही, म्हणजे उरलेले दिवस साध्या वॉर्डात काढावे लागतात. आणि दुसरं, खोलीला बाहेरच्या बाजूला एक मोठी काच आहे, तिच्यावरचा पडदा लावलेलाच बरा.

"पडदा कशाला?" आई म्हणाली. "दिसू दे की तिला लेकरू. भेटायला आत सोडत नाही ते नाही, वर तोंडसुद्धा बघायचं नाही?"

"ज्याची त्याची इच्छा," आवटी म्हणाले. "मी फक्त सुचवलं."

सुमेधाला खोलीत नेलं तेव्हा आईनंच आतला पडदा बाजूला सारला, मग बाहेर येऊन काचेसमोर खुर्ची ओढली आणि तीर्थाला मांडीवर घेऊन, तोंड काचेकडं करून बसली. दवाखान्यात भेटायला आलेल्या माणसानं आणखी काय करायचं असतं.

आत सुमेधाच्या सोबतीला मोमीन सिस्टर होत्या. चाळिशीच्या, ठसठशीत, पानाचा डबा जवळ बाळगणाऱ्या. पळत्या खोलीतच नोकरी करत असल्यामुळं त्यांचं वय भराभर पुढं सरकलं होतं. "माझी थोरली बहीण आता माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "ईदला भेटली की मलाच सलाम करते, आपा आपा म्हणून चिडवते. मी म्हणते, चिडव बाई, ईदी पण मलाच मागशील आता."

पहिले दोन दिवस ग्लानीत गेले. तिसऱ्या दिवशी सुमेधा उठून काचेपाशी गेली.

काचेपलीकडं आई आणि तीर्था होत्या. फोटोतल्यासारख्या. काचेत काहीतरी यंत्रणा होती, ती बाहेरचा उजेड सावरून घेई, त्यामुळं रंग ठीक दिसत, पण हालचाल दिसत नसे. आईचा एक हात तीर्थाच्या पोटावर आणि दुसरा हात हवेत, काहीतरी सांगताना थांबल्यासारखा. तीर्था जांभई देत होती. तोंड नुकतं उघडायला लागलेलं. सुमेधा खुर्ची घेऊन बसली. तिनं चहा घेतला, औषध घेतलं, सिस्टरनी नळीची पिशवी बदलली. तेवढ्या वेळात ती जांभई पूर्ण उघडली आणि मिटली. टाळूचा गुलाबी रंग, ओठांवरचा दुधाचा फोड, मिटताना दोन्ही मुठींनी गालांपर्यंत केलेला प्रवास. पाच महिन्यांत तिनं शेकडो जांभया बघितल्या होत्या, आणि एकही बघितली नव्हती. तिला वाटलं, आवटींना उगीच काळजी. ही तर देवानं दिलेली संधी आहे. आपलं बाळ असं डोळे भरून कुणाला बघायला मिळालं असेल.

काचेतून उलट बघितलं तर काय दिसतं, हे तिनं सिस्टरना विचारलं.

"धुकं," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही इथं तासभर बसलात तर त्यांच्या घड्याळात एक मिनिटही होत नाही. एवढ्यात तुम्ही खाटेवर, काचेपाशी, न्हाणीत. सगळं एकात एक मिसळून जातं. धुरकट काहीतरी हलतंय एवढंच."

म्हणजे आई धुक्यासमोर बसली होती.

चौथ्या दिवशी काचेशेजारच्या झडपेतून डबा आला. मऊ भात आणि मेतकूट, वर आईच्या अक्षरात चिठ्ठी: 'तूप घातलं नाही. गरम आहे तोवर खा. दुसरा डबा थोड्या वेळानं देते.' सुमेधानं तो भात दोन वेळा पुरवून खाल्ला.

"दुसरा डबा पुढच्या आठवड्यात येईल हं," सिस्टर म्हणाल्या, आणि दोघी हसल्या, सुमेधाचे टाके दुखेपर्यंत.

सुमेधा दर तीन तासांनी दूध काढत असे. औषधं चालू असल्यामुळं ते बाळाला चालण्यासारखं नव्हतं, सिस्टर मोरीत ओतत. पण आटू द्यायचं नव्हतं. दूध टिकवणं हे आता तिचं एकच काम होतं. ते काढताना ती डोळे मिटून सकाळ आठवत असे. घरातून निघण्यापूर्वी तीर्थाला शेवटचं पाजलं ती सकाळ. खिडकीतून आलेलं कोवळं ऊन, तीर्थाच्या टाळूवर आईनं घातलेल्या तेलाचा वास, पिता पिता तिचं मधेच थांबून वर बघणं आणि पुन्हा घाईनं पिणं. बाहेर ती सकाळ अजून संपलीही नव्हती. तेल टाळूत पुरतं मुरलंही नसेल. आणि सुमेधा तिची आठवण काढत होती, जशी माणसं माहेरच्या अंगणाची किंवा सोडून आलेल्या गावाची काढतात. आजच्याच सकाळसाठी कुणी इतकं व्याकूळ झालं नसेल.

मग तीर्था रडायला लागली.

आधी भुवया जवळ आल्या. मग खालचा ओठ बाहेर आला. हे व्हायला सुमेधाचं दुपारचं जेवण आणि आवरणं झालं. काचेतून आवाज येत नव्हता. ती बघत राहिली आणि बघता बघता तिचा ब्लाऊज भिजला. दोन्हीकडून. घरी तीर्था शेजारच्या खोलीत रडली तरी असंच व्हायचं.

"भूक लागलीय तिला," सुमेधा म्हणाली. "आई बोंडल्यानं पाजेल आता."

आईनं बोंडलं उचललं. ते तीर्थाच्या ओठाशी पोचेपर्यंत इथं दिवे लागले. तीर्थानं जीभ बाहेर काढून ते ढकललं. दूध हनुवटीवरून ओघळायला लागलं, ते रात्रभर ओघळत राहिलं. सकाळी सुमेधा उठली तर तीर्था रडतच होती. तोंड पुरतं उघडं, डोळे मिटलेले, एक थेंब गालावर अडकलेला. आईचा चेहरा तिच्यावर झुकलेला, ओठ काहीतरी म्हणताना थांबलेले. ओवी असेल किंवा नुसतं 'ना ना ना'.

सुमेधानं लाल दांडीकडं बघितलं.

"ओढू का?" सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात ना आग्रह होता ना धाक. "पण मी सांगते ते ऐका. तिच्या हिशेबानं ती आत्ता कुठं दहा मिनिटं रडलीय. अजून दोन-तीन मिनिटांत थकून झोपेल. तुम्ही दार उघडलंत तर पुढचे तीन आठवडे खाली, आणि ते तिच्याही वाट्याला."

"दहाच मिनिटं?"

"दहाच. पोरं रडतात हो दहा मिनिटं. माझी नाही का रडली?"

सुमेधानं दांडी ओढली नाही. हिशेब सरळ होता. संध्याकाळी जेवणाच्या सुमाराला तीर्थाचं तोंड मिटलं आणि मान आईच्या दंडावर कलली, तेव्हा सुमेधानंही पहिल्यांदा पाठ टेकली.

पण पाच महिन्यांचं बाळ दिवसात एकदाच रडत नाही. दोन दिवसांनी तीर्था पुन्हा रडली. मग पुन्हा. एकदा आईनं तिला उभं धरून थेट काचेला टेकवलं, तुझी आई बघ, असं दाखवत असावी. तीर्थाचं रडणारं तोंड काचेवर दाबलं गेलं, नाक चपटं, एक तळहात पसरलेला. सुमेधानं आपला तळहात त्याच्यावर ठेवला आणि तशीच उभी राहिली, पाय भरून येईपर्यंत. तीर्थाचे डोळे उघडे होते, पण ते धुक्याकडं बघत होते.

माणसाचं शरीर मोठं व्यवहारी असतं. जे रडणं घास भरवून थांबत नाही, उचलून थांबत नाही, दिवस मावळला तरी थांबत नाही, त्याचं काय करायचं हे ते हळूहळू शिकतं. वाहतुकीच्या रस्त्यावर घर असलेली माणसं शिकतात तसंच. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सुमेधाच्या लक्षात आलं, की काचेत तीर्था रडते आहे आणि आपला ब्लाऊज कोरडा आहे. तिनं पंप लावला. थेंब आले, मग तेही येईनात.

"आटलं का?" तिनं विचारलं.

"बाळ तोंडाशी नसलं की आटतंच," सिस्टर म्हणाल्या. "परत येतं कधी कधी. पाजत राहिलं तर."

त्या दिवशी सुमेधा खूप रडली. आणि दुसऱ्या दिवशी, तीर्था नव्यानं ओठ काढायला लागलेली असताना, तिनं काचेवरचा पडदा ओढून घेतला. फक्त आजच्यापुरता, असं तिनं सिस्टरना सांगितलं. तो पुन्हा उघडला नाही.

पडद्याअलीकडं बरं होतं. ताप गेला, नळी निघाली, भूक लागायला लागली. दुसरा डबा आला, त्यात भोपळ्याची मऊसर भाजी होती. सिस्टर तिला पत्त्यांचे डाव शिकवत आणि लबाडीही शिकवत. तीर्था झाल्यापासून पहिल्यांदाच सुमेधा रात्रभर सलग झोपायला लागली. उजाडल्यावर आपण कुणासाठी उठायचं आहे हे आठवायला तिला आधी क्षणभर लागे, मग जास्त वेळ लागू लागला. शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी दिवे लागले तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आज दिवसभरात तीर्थाची आठवण आलीच नाही. ती दचकली. पण जितकं दचकायला हवं होतं तितकी नाही. आठवायचा प्रयत्न केला तर तीर्था तिला फोटोतलीच दिसायची, काचेवर दाबलेली, न हलणारी. हलणारी तीर्था कशी होती ते तिला नीट आठवेना.

तिनं हे सिस्टरना सांगितलं. सिस्टरनी पत्ते पिसणं थांबवलं.

"मी पहिल्यांदा आत काम केलं तेव्हा महिनाभराची खोली होती. घरी गेले तर नवरा म्हणतो, भाजी काय करणार आहेस. सकाळचंच भांडण तो पुढं चालवत होता. मला ते भांडण कशावरून होतं तेच आठवेना." त्या थोडं हसल्या. "आधीच्या काळी माणूस दवाखान्यात पडायचं तर सगळं घर पडायचं त्याच्याबरोबर. तुम्ही आत झिजायचात, ते बाहेर झिजायचे. आता कुणाचं काही अडतच नाही. तुमचं आजारपण तुमच्याशिवाय कुणाला घडलंच नाही."

बाहेर पाच वाजले तेव्हा दार उघडलं.

आधी आवाज आला. इतक्या आठवड्यांनी इतके आवाज एकदम, की सुमेधानं भिंतीला धरलं. ट्रॉलीची चाकं, कुणाचा तरी फोन, आईचा चढा आवाज. डॉ. आवटी दारातच होते. त्यांनी तिचे डोळे बघितले, नाडी बघितली, टाक्यांची चौकशी केली.

"उत्तम," ते म्हणाले. "शरीर एकदम उत्तम."

"डॉक्टर, तुम्ही पडदा लावायला सांगितलं होतं," सुमेधा हळू आवाजात म्हणाली. "का ते का नाही सांगितलं?"

"सांगून बघितलंय. पूर्वी सांगायचो. मग आया आतच जायच्या नाहीत. खालच्या वॉर्डात राहायच्या, आणि महिन्यानं बाळं त्यांना ओळखायची नाहीत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दोन्हीतलं कमी वाईट कोणतं, ते मला अजून मोजता आलेलं नाही."

आई व्हरांड्यात उभी होती. तिच्या पातळावर दुधाचे ओघळ वाळले होते, केस विस्कटले होते. एका दुपारीत माणूस दमेल तेवढीच दमली होती, आणि फार खूश होती.

"दिसत होतो ना आम्ही?" ती म्हणाली. "पाणी प्यायलासुद्धा उठले नाही बघ. हात भरून आले, तरी हिला काचेसमोरच धरून बसले. म्हटलं तुला एक क्षण चुकायला नको. रडली चार-पाचदा जरा, पण तेवढं चालायचंच."

सुमेधानं आईच्या दंडाला हात लावला. "दिसत होता," ती म्हणाली. "सगळा वेळ."

"मग झालं तर. घे हिला, वास लागलाय तुझा."

तीर्था आईच्या हातातून पुढं झेपावली. सुमेधा नकळत अर्धं पाऊल मागं सरली. मूल इतक्या वेगानं हलतं हे तिच्या अंगातून गेलं होतं. मग तिनं तिला घेतलं. वजन होतं, ऊब होती, टाळूवर सकाळचं तेल होतं. तीर्थानं सवयीनं मान फिरवली, पदराखाली तोंड घातलं आणि पकडलं. जोरानं, हक्कानं. थोडा वेळ ती चोखत राहिली. काही आलं नाही. सुमेधाच्या छातीत काही हललं नाही, कळ नाही, पान्हा नाही. दुसऱ्याचं पत्र चुकून आपल्या घरी आलं की जसं हातात घेऊन उभं राहतो तशी ती उभी होती.

तीर्थानं तोंड सोडलं आणि वर बघितलं. ती चिडली नाही. तिच्या लेखी आई सकाळी दिसेनाशी झाली होती आणि संध्याकाळी सापडली होती. यात चिडण्यासारखं काही नव्हतं. ती तोंडभर हसली, वरच्या हिरडीसकट.

सुमेधाही हसली. जरा उशिरानं, बसमध्ये शेजारणीच्या मांडीवरचं गोड बाळ आपल्याकडं बघून हसलं तर आपण हसतो तशी.

"बघ," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "बघ, ओळखलं की लगेच. मी म्हणत होते ना."

"हो," सुमेधा म्हणाली. "तिनं ओळखलं."